मूकपटातली माणसं तुरुतुरु का पळतात, आणि ती नीट चालावीत म्हणून काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: साठ-सत्तर खुर्च्यांच्या सभागृहात, लॅपटॉप आणि साध्या प्रोजेक्टरवर, एका फिल्म सोसायटीला मूकपटांची मालिका दाखवायची आहे. चाचणीच्या वेळी पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळत होती आणि गंभीर प्रसंगातही हसू येत होतं. एकाच चित्रपटाच्या तीन प्रती मिळाल्या, तिघींचा कालावधी वेगळा. त्यांतली खरी कुठली? वेग कमी करावा का, आणि केला तर किती? संगीताचं काय करायचं?

तुरुतुरु पळण्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचे प्रश्नही तिथूनच निघालेत. मूळ चित्रपटात ती माणसं पळत नव्हती. कॅमेरामनने सेकंदाला १६ किंवा १८ फ्रेम्स, म्हणजे सुटी चित्रं, टिपल्या. तुमच्या प्रतीत त्याच फ्रेम्स सेकंदाला २४ किंवा २५ या दराने सरकतायत. १६ वर घेतलेलं दृश्य २४ वर दाखवलं की प्रत्येक हालचाल दीडपट जलद होते. राजाचं सिंहासनावरून उठणं, आईचं मुलाला जवळ घेणं, सगळ्याला झटके बसतात. प्रेक्षक हसतो त्यात त्याची चूक नाही.

२४ हा आकडा बोलपटाने आणला. आवाजाची पट्टी फिल्मवरच छापली गेल्यावर वेग जरा हलला तरी आवाजाचा सूर हलायचा, म्हणून एकच वेग पक्का करणं भाग पडलं. मूकपटाला ते बंधन नव्हतं. कॅमेरा हाताने फिरवायचा. नेहमीच्या जोडणीत दांड्याचा एक फेरा म्हणजे ८ फ्रेम्स, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६. पण शेवटी तो माणसाचा हात. उजेड कमी असला की प्रत्येक फ्रेमला जास्त प्रकाश मिळावा म्हणून कॅमेरामन हात मंद करी. विनोदी धावपळ मुद्दाम सावकाश फिरवून घेत, म्हणजे पडद्यावर ती अधिक चपळ दिसे. आणि थिएटरातला ऑपरेटर बहुधा कॅमेऱ्याच्या वेगापेक्षा थोडं जलदच चालवी. हे चित्रपट करणाऱ्यांना ठाऊक असे आणि ते त्याचा हिशेब धरूनच काम करत. म्हणून ‘योग्य वेग’ शोधताना कॅमेऱ्याचा वेग हा खालचा आधार धरा. त्या वेळच्या प्रेक्षकाने पाहिलेला वेग त्याच्या १० ते १५ टक्के वर असायचा, असं धरून चाललं की सहसा चुकत नाही.

मिनिटं बाजूला ठेवा, फूट विचारा

मूकपटाची खरी लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये असते. मिनिटं ही त्या लांबीला कुठल्या वेगाने भागलं यावर ठरतात. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स बसतात. म्हणून सेकंदाला १६ फ्रेम्सच्या वेगाने एक फूट बरोबर एका सेकंदात जातो, आणि २४ च्या वेगाने मिनिटाला ९० फूट जातात. हजार फुटांचं एक भरलेलं रीळ १६ वर १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, १८ वर १४ मिनिटं ४९ सेकंद, २० वर १३ मिनिटं २० सेकंद आणि २४ वर ११ मिनिटं ७ सेकंद. मीटरचा हिशेब करायचा तर एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न फ्रेम्स धरा.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्याची लांबी ३,७०० फूट, चार रिळं. माहितीकोशांत त्याचा कालावधी सर्रास ४० मिनिटं दिलेला आढळतो. ३,७०० फुटांना ९० ने भागून पाहा, ४१ मिनिटं येतात. म्हणजे हा आकडा बोलपटाच्या वेगाशी जुळतो, आणि १९१३ मध्ये तो वेग कुणी ठरवलेलाच नव्हता. १६ वर हाच चित्रपट एक तास दोन मिनिटांना जरा कमी भरतो, १८ वर जवळपास ५५ मिनिटं. आज त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळच पाहायला मिळतं. तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

दुसरं उदाहरण १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चं. त्याचा ५९४ मीटरचा तुकडा फ्रान्सच्या सिनेमाथेक फ्रान्सेझमध्ये होता, तो २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आला. १८ वर तो २९ मिनिटं चालतो, २४ वर २२ मिनिटांच्या आत संपतो. फ्रेम्स तेवढ्याच. कालावधी वेगळा दिसला म्हणून लगेच ‘काटछाट झालेली प्रत’ म्हणू नका. आधी हा भागाकार करा. त्यानंतरही फरक उरला, तर मात्र काहीतरी कापलेलं किंवा हरवलेलं आहे.

वर्षावरून वेगाचा ढोबळ अंदाज बांधता येतो: १९१५ पर्यंतच्या चित्रपटांना १६ ते १८, पुढे १९२२ पर्यंत १८ ते २०, १९२६ पर्यंत २० ते २२, आणि १९२७ नंतर २२ ते २४. अपवाद भरपूर आहेत, त्यामुळे हा आकडा शोधाची सुरुवात म्हणून घ्या. ध्वनिपट्टीसकट आलेल्या मूकपटांना मात्र वाद नाही. मुर्नाऊचा ‘सनराइज’ (१९२७) किंवा चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) २४ वरच चालवायचे. त्यांना ‘मूकपट आहे’ म्हणून मंद करणं ही चूक हौशी खेळांत फार वेळा होते.

पडणाऱ्या वस्तूवरून वेग काढणं

माणसांच्या चालण्यावरून वेग ठरवायचा मोह होतो, पण नटाची चाल फसवी. पौराणिक राजा मुद्दाम सावकाश चालतो, नोकर मुद्दाम लगबगीने. त्यापेक्षा मागे रस्त्यावरून जाणारी, कॅमेऱ्याचं भान नसलेली माणसं पाहा. हवेत हलणारं कापड, धूर, घोड्याची चाल हेही उपयोगी. सगळ्यांत भरवशाचं म्हणजे गुरुत्वाकर्षण, कारण ते कुणाचा अभिनय करत नाही.

एक मीटरवरून सुटलेला दगड जमिनीवर पोचायला ०.४५ सेकंद लागतात. दीड मीटरवरून ०.५५, दोन मीटरवरून ०.६४. हातातून भांडं सुटतं, भिंतीवरून कोणी वीट टाकतं, असा प्रसंग शोधा. वस्तू सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंतच्या वेगवेगळ्या फ्रेम्स मोजा आणि त्या सेकंदांनी भागा. एक मीटरच्या पडण्याला ८ फ्रेम्स लागल्या तर कॅमेरा १८ च्या आसपास फिरत होता, ९ लागल्या तर २०. मोजण्यात एका फ्रेमची चूक झाली तर उत्तर दोनने हलतं, म्हणून असे तीन-चार प्रसंग मोजून सरासरी काढा. उंचीचा अंदाज १० टक्क्यांनी चुकला तरी वेळेत फरक ५ टक्क्यांचाच पडतो, त्यामुळे ती चूक परवडते. टोपी, पिसं, उपरणं असल्या हलक्या वस्तू हवेत तरंगतात, त्या मोजू नका. वस्तू फेकलेली नको, नुसती सुटलेली हवी.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या भागात तारामती आणि तिच्या सख्या हौदात आहेत असा प्रसंग आहे (तारामती म्हणजे अण्णा साळुंके, बाकीच्या बायकाही पुरुषच). उडणारं पाणी बघा. २४ वर त्याचे थेंब सुयांसारखे टोचून खाली येतात. १६-१८ वर पाण्याला वजन येतं. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढच्या चित्रपटांना निम्मं मोजमाप करावं लागत नाही.

कॅमेऱ्याचा वेग १८ निघाला तर दाखवायला २० घ्या आणि पाच मिनिटं पाहा. अवघडलेलं वाटलं तर १९. फार खाली जाऊ नका. ‘मूकपट म्हणजे १६’ असं ठरवून १९२६ चा चित्रपट १६ वर लावला की सगळे पाण्याखालून चालल्यासारखे दिसतात आणि पाहणारा कंटाळतो. तोही चित्रपटावर अन्यायच.

काही जागी घाई दिग्दर्शकाने स्वतः घातलेली असते. मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’त (१९२२) काउंट ओर्लोक या पिशाच्चाची घोडागाडी अनैसर्गिक वेगाने येते, तो शवपेट्या गाडीवर रचतो तेही तसंच. आजूबाजूचं जग नेहमीच्या गतीने चालत असेल तरच ते अंगावर येतं. सगळाच चित्रपट २४ वर पळत असेल तर ओर्लोकचं वेगळेपण संपतं. उलट फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) सुरुवातीला मंदाकिनी फाळके ही लहान मुलगी चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दाखवते. तिथे घाई झाली की भावाच्या जागी चेहऱ्याचं लुकलुकणं तेवढं उरतं. माझ्या मते कुठल्याही प्रतीचा वेग पारखायला हा प्रसंग उत्तम आहे.

हातातली प्रत तपासणं

वेग ठरला म्हणजे लगेच प्लेअरचा वेग कमी करायचा नाही. फाइलमध्ये आधीच कुणी काय करून ठेवलंय ते पाहावं लागतं. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये कोडेकची (फाइलची तांत्रिक) माहिती उघडून सेकंदाला किती फ्रेम्स हा दर पाहा: २३.९७६, २४, २५ किंवा २९.९७. मग सतत हालचाल असलेला एक शॉट निवडा, थांबवा, आणि कीबोर्डवरच्या ‘ई’ने एकेक फ्रेम पुढे सरका. कागदावर २४ खुणा करा, आणि जी फ्रेम आधीच्या फ्रेमसारखीच आहे तिच्यावर फुली मारा. दर तिसरी फ्रेम फुलीची आली तर मूळ १६ च्या फ्रेम्स ताणून, म्हणजे काही फ्रेम्स दोनदा घालून, २४ केल्या आहेत. दर चौथी आली तर १८, दर सहावी आली तर २०. एकही फुली नाही आणि फाइल २४ ची, तर प्रत सरळ २४ वर पळते आहे. फाइल २५ ची आणि फुली नाही, तर २५ वर.

आता प्लेअरचा वेग म्हणजे हवा असलेला वेग भागिले सध्याचा खरा वेग. २४ वर पळणारी प्रत २० ला आणायची तर ०.८३, १८ ला ०.७५. २५ वरची २० ला ०.८०, १८ ला ०.७२. पण जी प्रत आधीच १८ वरून २४ ला ताणलेली आहे ती पुन्हा ०.७५ वर लावली तर खरा वेग साडेतेरा होतो. ‘वेग कमी केला तरी बरं दिसत नाही, चिखलातून चालल्यासारखं दिसतं’ अशी तक्रार ऐकू आली की कारण बहुधा हेच. अशी प्रत १ वरच ठेवा, ती बरोबर आहे.

थांबवलेल्या चित्रात आडव्या दात्यांसारख्या रेघा दिसल्या तर फाइल इंटरलेस्ड आहे, म्हणजे एका चित्रात दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक गुंफल्या आहेत. आधी प्लेअरमधून डीइंटरलेस करा (ती गुंफण सोडवा), मगच मोजा. एका फ्रेममध्ये दोन हात, दोन चेहरे भुतासारखे मिसळलेले दिसले तर शेजारच्या फ्रेम्स एकमेकींत कालवल्या आहेत. हे बहुतेक वेळा परत वेगळं करता येत नाही. दुसरी प्रत शोधा. नेटवर हल्ली सेकंदाला ६० फ्रेम्स केलेल्या, रंगवलेल्या, चकचकीत प्रती फिरतात, त्या तर अजिबात घेऊ नका. त्यांत मधल्या फ्रेम्स यंत्राने कल्पनेने भरलेल्या असतात. बोटं वितळतात, ओठ घसरतात, आणि कॅमेऱ्यासमोर कधी घडलीच नाही अशी हालचाल प्रेक्षक खरी मानून घरी जातो.

ताणलेल्या प्रतीतून मूळ फ्रेम्स मोकळ्या करायच्या असतील तर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्रॅमने ते जमतं, पण फिल्टर निवडताना जपून. लागोपाठच्या एकसारख्या फ्रेम्स सरसकट गाळणारा फिल्टर लावला की शीर्षकांच्या पाट्याही (प्रसंगांमध्ये येणारा लिखित मजकूर) आखडतात, कारण नव्याने बनवलेल्या पाटीची प्रत्येक फ्रेम सारखीच असते. त्याऐवजी ठरावीक गटातून एकच फ्रेम गाळणारा वापरा: १८ ताणून २४ केलेल्या प्रतीत दर चारातून एक, २० वाल्या प्रतीत दर सहातून एक. मग उरलेल्या फ्रेम्सना हवा तो दर द्या.

लॅपटॉपवर आणखी एक अडचण येते. प्रोजेक्टर बहुतेक वेळा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो. २० फ्रेम्सचा चित्रपट त्यात नेमका बसतो, प्रत्येक फ्रेम तीनदा. १८ बसत नाही, म्हणून काही फ्रेम्स तीनदा आणि काही चारदा दिसतात, आणि कॅमेरा आडवा फिरतो तिथे बारीक हिसका जाणवतो. प्रोजेक्टर ७२ घेत असेल तर १८ नेमका बसतो, ४८ घेत असेल तर १६. नसेल घेत, तर १९ आणि २० मध्ये घुटमळत असाल तेव्हा सरळ २० घ्या. एमपीव्ही या प्लेअरला वेगाचा नेमका आकडा देता येतो, म्हणून अशा खेळांना तो जास्त सोयीचा.

एकाच चित्रपटात भागागणिक कॅमेऱ्याचा वेग बदललेला असतो. वेग बदलायचा असेलच तर पाटी पडद्यावर असताना बदला, आणि एका वेळी एक-दोन फ्रेम्सच. चालू प्रसंगात बदललेला वेग प्रेक्षकाला लगेच कळतो.

डीसीपीबद्दल, म्हणजे थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीबद्दल, थोडंच सांगतो. जुन्या चित्रपटांसाठी १६, १८.१८, २० आणि २१.८२ हे दर डीसीपीच्या मानकात आहेत, पण सगळे सर्व्हर ते चालवत नाहीत. म्हणून २४ ला ताणलेली डीसीपी मागवणं सुरक्षित. वेगळ्या दराची आली तर खेळाच्या आठवडाभर आधी त्याच पडद्यावर चालवून बघा.

कोणती आवृत्ती

वेगाचा हिशेब करूनही कालावधी जुळला नाही तर आवृत्ती वेगळी आहे. चॅप्लिनने १९२५ चा ‘गोल्ड रश’ १९४२ मध्ये स्वतः पुन्हा काढला. पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, काही भाग कमी केला, आणि तो ७२ मिनिटांचा झाला. मूकपट म्हणून दाखवायचा तर १९२५ ची दीड तासाची आवृत्ती हवी. लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये ४,१८९ मीटर लांबीचा दाखवला गेला आणि पुढे भराभर कापला गेला. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सला त्याची १६ मिमीवरची जवळजवळ पूर्ण प्रत उजेडात आली आणि २०१० ची आवृत्ती तिच्या आधाराने उभी राहिली. त्यातला ओरखड्यांनी भरलेला, लहान चौकटीचा भाग पाहून ‘प्रत खराब आहे’ असं प्रेक्षकांना वाटू देऊ नका, आधी दोन वाक्यांत सांगा. ते ओरखडे आहेत म्हणून तर तो भाग आपल्यापर्यंत पोचला.

ड्रायरच्या ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची (१९२८) मूळ प्रत १९८१ मध्ये ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली. ती २० वर चालवावी की २४ वर, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. डिस्कवर दोन्ही वेग मिळतात: एक ९७ मिनिटांच्या आसपास, दुसरा ८२. माझा कौल २० ला. त्या चेहऱ्यांना थांबायला वेळ लागतो. पण २४ लावलात तरी चूक म्हणणार नाही.

चौकट आणि रंग

मूकपटाची चौकट १.३३ ला १. ध्वनिपट्टी आली तेव्हा फिल्मच्या डाव्या कडेची जागा तिने खाल्ली. मूकपट बोलपटाच्या गेटमधून (फिल्मसमोरच्या चौकटीतून) काढलेल्या प्रतींत म्हणूनच डावी बाजू कापलेली आणि वरून डोकी छाटलेली दिसतात. डिजिटलमध्ये हीच चूक प्रोजेक्टरच्या ‘फुल’ किंवा ‘झूम’ सेटिंगने होते. १,०८० ओळींच्या चित्रात मूकपट १,४४० पिक्सेल रुंद बसला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरल्या पाहिजेत. एखादा आयोजक ‘पडदा भरत नाही’ म्हणून चित्र ताणायला सांगेल. ऐकू नका. त्या पट्ट्या काळ्या कापडाने झाकल्या तर चित्र आपोआप उठून दिसतं.

‘मूकपट म्हणजे काळा-पांढरा’ हाही गैरसमज. त्या काळी फिल्म रंगात बुडवून छटा देत: रात्रीला निळी, दिव्याच्या उजेडाला पिवळी-नारिंगी, आगीला लाल. रात्रीचे प्रसंग भर उन्हात चित्रित करून निळे करत. ‘नोस्फेराटू’च्या छटा नसलेल्या प्रतीत ओर्लोक शवपेटी काखोटीला मारून भर दुपारी शहरात हिंडताना दिसतो. उजेडाला भिणाऱ्या पिशाच्चाची गोष्ट तिथेच कोसळते. छटांसह जतन केलेलीच प्रत घ्या. अंदाजाने स्वतः रंग चढवू नका. छटांनी उजेड कमी होतो, म्हणून सभागृह पूर्ण अंधारं हवं. दाराच्या वरच्या फटीतून येणारा उजेडही निळ्या प्रसंगांना मारतो.

१६ मिमी प्रत मिळाली तर

जुन्या सोसायट्यांकडे आणि कॉलेजांकडे अजून १६ मिमी प्रती असतात. एका फुटात ४० फ्रेम्स, म्हणून ४०० फुटांचं रीळ ३५ मिमीच्या हजार फुटांइतकंच चालतं. प्रोजेक्टरला १८ आणि २४ चा खटका आहे का बघा. १८ वर चालवताना शटरला, म्हणजे उजेड अडवणाऱ्या फिरत्या चकतीला, तीन पाती हवीत. दोन पात्यांच्या शटरने सेकंदाला ३६ वेळाच उजेड पडतो आणि चित्र डोळ्यांना त्रास होईल इतकं फडफडतं. तीन पात्यांनी ५४ वेळा पडतो. एकाच कडेला भोकं असलेली प्रत दोन्हीकडे दाते असलेल्या जुन्या मूक प्रोजेक्टरवर चढवली तर दुसऱ्या कडेचे दाते फिल्मवर भोकं पाडत जातात. फिल्म आकसली असेल तर भोकं आणि दाते जुळत नाहीत. खडखड आवाज आला की ताबडतोब थांबवा. आणि कुठूनही ३५ मिमीची नायट्रेट फिल्म (जुनी, सहज पेट घेणारी) हाती आली (१९५० पर्यंतची असू शकते), तर ती प्रोजेक्टरवर चढवूच नका, घरात ठेवूही नका, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. नायट्रेट पेटलं की पाण्याने विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत किती मूळ रिळं गेली ते आठवलं तरी पुरे. देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले तीससुद्धा धड उरले नाहीत. एकेक फूट मोलाचा आहे.

हक्कांबद्दल एवढंच: भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे बहुतेक मूकपट मोकळे आहेत. पण डिस्कवरचं नवं संगीत मोकळं नसतं, आणि संग्रहालयाने दिलेल्या प्रतीवर त्यांच्या करारातल्या अटी लागू होतात.

पाट्या आणि वादक

रेकॉर्ड केलेलं संगीत त्या प्रतीच्या वेगाला बांधलेलं असतं. वेग बदललात तर तो ट्रॅक बंद करा. प्लेअर सूर सांभाळतो, पण लय ओढल्यासारखी होते आणि वाद्यांचा आवाज पाणचट लागतो. दुसऱ्या चित्रपटाची गाणी किंवा शास्त्रीय रेकॉर्ड मागे लावून देण्यापेक्षा एकटा पेटीवाला बरा. पेटी-तबला हे आपल्याकडच्या मूकपटांचं हक्काचं संगीत होतं. वादकाला चित्रपट आधी दोनदा, ठरलेल्या वेगानेच, दाखवा. एकदा नुसता पाहायला, एकदा खुणा करायला. खुणा मिनिटांनी लिहू नयेत, पाटीच्या पहिल्या शब्दांनी लिहाव्यात. वेगात ऐनवेळी थोडा फरक पडला तरी मग खुणा चुकत नाहीत. प्रत्येक पात्राला एक धून देण्याचा हट्ट नको. प्रसंगाची लय धरली की पुरतं, आणि दोन-तीन ठिकाणी वादकाने हात उचलून पूर्ण शांतता ठेवावी. कुठे, ते आधीच ठरवा.

इंग्रजी, जर्मन पाट्यांवर मराठी उपशीर्षकं चिकटवण्यापेक्षा एका माणसाने त्या मराठीत वाचणं चांगलं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्या हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही आहेत, म्हणजे प्रेक्षक वेगवेगळ्या भाषांचे असणार हे फाळक्यांनी गृहीत धरलंच होतं. भाषांतर आधी करून, पाट्यांना क्रमांक देऊन, मोठ्या अक्षरांत छापा. मोठ्याने वाचताना सेकंदाला दोन शब्द धरा. सहा सेकंदांच्या पाटीत दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त बसत नाहीत, म्हणून भाषांतर आटोपशीर हवं. पाटी आल्यावर क्षणभर थांबून सुरू करावं आणि ती जायच्या आत संपवावं. प्रसंग सुरू झाल्यावर आवाज आला की चित्र फुटतं. वाचणाऱ्याने नाटकी सूर लावू नये, पडद्यावरचा नट ते काम करतोच आहे.

वादकाच्या आणि वाचणाऱ्याच्या दिव्याची आठवण शेवटच्या क्षणी होते, आणि मग मोबाइलचा टॉर्च लागतो. दोघांना खाली तोंड असलेले, वर पुठ्ठ्याचा आडोसा लावलेले छोटे पिवळे दिवे द्या. वादकाला पडद्याच्या कडेला, पडद्याकडे तिरकं बसवा, म्हणजे मान न वळवता चित्र दिसेल. पडद्याच्या अगदी खाली बसवलं तर त्याला चित्र वाकडं दिसतं आणि तो खुणा चुकतो. मुख्य दिवे बंद झाल्यावर, चित्रपट सुरू करायच्या आधी, ते दोन दिवे पडद्यावर उमटत नाहीत ना हे सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून पाहून घ्या.